टोपीखालचा डोळा

मित्रांनो, जरा थांबा हं, डोक्यावरची टोपी निघू दे. हां, आता दिसलात. या, बसा ना. फक्त खिडकीजवळच्या त्या वेताच्या खुर्चीवर बसू नका. ती रिकामी दिसते, पण रिकामी नाही.

मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नकार्यात मिरवणारा नव्हे आणि डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारा तर नव्हेच. मी घरात बसून घराकडे बघणारा. मुठीएवढं अंग, त्यात एक काळा डोळा, एक बारीक कान आणि एक तोंड. तोंड माझं असलं तरी बोलणं माझं नसतं. दूर कुठेतरी कुणी फोनवर बोललं की ते माझ्या तोंडून बाहेर पडतं. मला स्वतःला एक अवाक्षर काढता येत नाही. त्यापायी एका भल्या माणसाचं घर सुटता सुटता राहिलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला आमचे डोळे बसवले जात, पुढे कान, मग तोंड. शेवटच्या खुर्चीवर एक कामगार बाई असे. केसांना जाळी, बोटाला चिकटपट्टी. ती प्रत्येकाच्या डोळ्यात डोकावून बघायची, मऊ फडक्याने तो पुसायची आणि खोक्यात ठेवताना म्हणायची, "जा रे बाबा, दिल्या घरी सुखी राहा." आम्हा सगळ्या भावंडांच्या पोटावर एकेक चिठ्ठी चिकटवलेली होती. चिठ्ठीवर प्रत्येकाचा क्रमांक वेगळा, पण पासवर्ड मात्र सगळ्यांचा एकच. सगळ्या गावच्या कुलपांना एकच किल्ली करावी, तशातली गत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवजात जिवाला काय कळतं?

मी आलो तो एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी. मी त्यांना आजोबा म्हणतो. आजोबांनी आयुष्यभर दातांच्या कवळ्या बनवल्या. अजूनही खोलीच्या कोपऱ्यात त्यांचं कामाचं टेबल आहे आणि वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने बसलेले आहेत. पहिल्या दिवशी डोळा उघडला तर समोर इतके सगळे जण बत्तिशी दाखवत होते! मला वाटलं, माझंच स्वागत चाललंय.

आजोबांची कामाची एक रीत होती. कवळी तयार झाली की तिच्या आतल्या बाजूला, टाळूला टेकते तिथे, ते बारीक अक्षरात मालकाचं नाव कोरायचे. फार पूर्वी एका इस्पितळात दोन पेशंटच्या कवळ्यांची अदलाबदल झाली होती म्हणे. हसणार एक जण आणि दात दुसऱ्याचे! तेव्हापासून त्यांनी नियमच केला, ज्याची वस्तू त्याचं नाव तिच्या पोटात. अक्षर असं की मोती ओवल्यासारखं. ही रीत लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे तिनेच घोळ घातला.

आजी गेल्यानंतर आजोबा एकटे राहत होते. त्यांची लेक दुसऱ्या शहरात. ती दवाखान्यात क्ष-किरणांचे फोटो काढते. वडील एकदा न्हाणीघरात घसरून पडले आणि तिच्या जिवाला घोर लागला. म्हणून तिने मला आणलं. बसवायला आलेला फिटर चांगला होता. तो म्हणाला, "ताई, हा कंपनीचा पासवर्ड आधी बदला. तो जगाला ठाऊक असतो." लेकीने लगेच बदलला. आजोबांना विसरायला होऊ नये म्हणून तिने आजीचं लाडाचं नाव ठेवलं आणि पुढे आजीचं जन्मसाल. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. आता पासवर्ड बदलला आहे, तरीही सांगणार नाही.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं झालं होतं. पण फिटर गेल्यावर आजोबांनी मला हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, आपलं जुनं टोकदार हत्यार काढलं आणि माझ्या पोटावर, चिठ्ठीच्या शेजारीच, तो पासवर्ड कोरला. सुरेख, सुबक, ठसठशीत. आजीचं नाव कितीतरी दिवसांनी लिहायला मिळालं, याचाच त्यांना आनंद झाला होता. मग मला उलटं धरून त्यांनी लेकीला दाखवलं. "बघ, हात अजून थरथरत नाही."

लेकीचे डोळे भरून आले. तिने फोन काढला आणि मला धरून हसणाऱ्या बापाचा फोटो घेतला. 'बाबांचा नवा सोबती' असं लिहून तो इंटरनेटवर टाकलाही. ओळखीच्या, बिनओळखीच्या लोकांनी भरभरून कौतुक केलं. 'काय सुंदर अक्षर!' असंही पुष्कळांनी लिहिलं. ती एकेक वाचून दाखवत होती आणि आजोबा लाजत होते. मीही फुशारून गेलो होतो. एवढ्या कौतुकात कुणाच्या मनात शंका यावी तरी कशी?

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. लेक तिकडे कामावरून घरी पोचली की माझ्या तोंडून हाक मारायची, "बाबा, जेवलात का?" आजोबा माझ्याकडे बघून ताट दाखवायचे. एकदा गॅसवर दूध ठेवून ते खुर्चीत पेंगले. दूध उतू गेलं, ज्योत विझली. लेकीने तिकडून माझ्या डोळ्याने ते पाहिलं आणि आजोबांच्या समोरच्या घरात फोन केला. तिथे टॅक्सी चालवणारे एक गृहस्थ राहतात. ते चप्पल न घालता धावत आले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि आजोबांना जागं करून म्हणाले, "काका, तुमच्या या एकडोळ्याने आज तुम्हाला वाचवलं बरं!" त्या दिवशी आजोबांनी स्वतःच्या हाताने माझा डोळा पुसला.

दुपारी काम नसलं की आजोबा त्या वेताच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसत. ती आजीची खुर्ची. तिच्याशी ते बोलत. "अगं, ऐकलंस का? कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान बंद झालं. आता तुझ्या सँडलचा पट्टा कुणाकडे शिवायचा?" मग थोडं थांबून स्वतःच हसत. उत्तर त्यांना ऐकू येत असावं. मला त्यात वेडेपणा कधीच दिसला नाही. इतकी वर्षं बरोबर काढल्यावर एकदम बोलणं बंद करायचं तरी कसं?

आणि मग एके दिवशी दुपारी माझ्या तोंडून एक अनोळखी आवाज बाहेर पडला.

"ओ आजोबा! काय चाललंय?"

आजोबांना वाटलं, लेकीच्या घरी कुणीतरी पाहुणा आला असेल. ते अगत्याने म्हणाले, "बरं चाललंय. आपण कोण?" त्यावर नुसता हशा पिकला. दुसऱ्या दिवशी वेगळा आवाज. "आजोबा, चहा सांडला बघा शर्टावर." चहा खरंच सांडला होता. पुढे रोजचंच झालं. कधी शीळ, कधी मांजरीचा आवाज. कुणीतरी कुठेतरी बसून माझ्या डोळ्याने या घरात डोकावत होतं आणि माझ्या तोंडाने टवाळी करत होतं. भिंतीला कान असतात म्हणतात. इथे भिंतीला डोळा होता, तोंड होतं आणि दोन्ही परक्यांच्या ताब्यात गेली होती. मित्रांनो, मला त्या वेळी इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की काय सांगू!

सगळ्यात वाईट दिवस तो. आजोबा खुर्चीशी बोलत होते. "अगं, आज तुझी फार आठवण येते," एवढंच म्हणाले होते. तेवढ्यात माझ्या तोंडून एक पोरगा नाकात बोलला, "मलाही तुमची फार आठवण येते हो!" आणि पलीकडे खिदळणं सुरू झालं. आजोबा उठले. स्टूल जागच्या जागी ठेवलं. त्यानंतर ते त्या खुर्चीशी बोलले नाहीत.

त्यांनी लेकीला सांगितलं. "बाळा, कॅमेऱ्यातून कुणीतरी बोलतं माझ्याशी."

"मीच बोलते ना, बाबा."

"तू नाही गं. दुसरंच कुणीतरी. हसतात मला."

"बरं, मी येते," लेक पलीकडून म्हणाली. ती का येते म्हणाली ते मला कळलं. तिला माहीत होतं की बाबा रिकाम्या खुर्चीशी बोलतात. आता बाबांना आवाजही ऐकू यायला लागले, असं तिला वाटलं. मी ओरडून सांगायला हवं होतं, 'ताई, ते खरं बोलतायत!' पण मी पडलो उसन्या बोलण्याचा.

सुट्टी काढून ती आली. आजोबांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परतल्यावर दोघं टेबलाशी बसली. लेकीने दोन्ही हातांत बापाचा हात धरला.

"बाबा, माझ्याकडे चला. कायमचे. हे घर बंद करू या."

"का? डॉक्टर काय म्हणाल्या ते तूच ऐकलंस ना? सगळी उत्तरं बरोबर दिली मी."

"तारीख चुकलात."

"निवृत्त माणसाला कशाला हवी तारीख? पेन्शन काय मी विचारल्याशिवाय येत नाही?"

तिला हसू आलं, पण लगेच रडूही आलं. "मला भीती वाटते हो, बाबा. तिथे कामावर असते आणि डोळ्यांसमोर सारखे तुम्ही येता."

आजोबांनी खोलीभर नजर फिरवली. टेबल, जबडे, खुर्ची. "तुझ्या घरी मी राहीन गं," ते हळूच म्हणाले. "पण खोटा ठरून नाही येणार. मी म्हणतो तसं घडलंय, एवढं आधी पटवून घे. मग म्हणशील तिथे येतो." आणि उठून त्यांनी माझं तोंड भिंतीकडे फिरवलं. मला शिक्षा झाली ती योग्यच होती, असं मला आजही वाटतं.

मग कितीतरी वेळ मला फक्त भिंतीचा रंग दिसत होता. पण ऐकू सगळं येत होतं. लेक उठून माझ्याजवळ आल्याची चाहूल लागली. मग म्हणाली, "निघताना डॉक्टर मला एक म्हणाल्या. म्हणाल्या, वडिलांना तपासून घेतलंत ते बरं केलंत, पण आवाज ज्यातून येतो म्हणतात, तो कॅमेरा कुणी तपासला का?"

"मग?"

"मग काय, तपासू या."

तिने माझ्या कंपनीला लिहिलं. तिकडून गोडगोड उत्तर आलं, 'आपली सुरक्षितता हेच आमचं ध्येय.' ते वाचून आजोबा म्हणाले, "दात घट्ट आहेत का विचारलं, तर हे हसून दाखवतायत." लेकीने मग तक्रार कार्यालयात फोन लावला. हल्ली लोकांच्या खाजगी गोष्टींत कुणी डोकावलं, तर तक्रारीसाठी वेगळं कार्यालय असतं. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे तिथल्या अधिकारी बाईंचं बोलणं मलाही ऐकू आलं. आवाज दमलेला होता, पण बाई कामाच्या वाटल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तुमच्या कॅमेऱ्यात कोण कोण शिरलं, हे मागितल्यावर कंपनीला सांगावंच लागतं. उपकार नाही, नियम आहे तसा. आमचा हवाला देऊन पुन्हा लिहा. आणि जुनं चित्रण पुसून टाका म्हणालात, तर तेही त्यांना पुसावं लागतं. फक्त तपास होईपर्यंत थांबा, पुरावा आहे तो. आणि हो, पासवर्ड आजच्या आज बदला."

लेकीने पासवर्ड बदलला आणि सुट्टी वाढवून घेतली. या वेळी गोड उत्तर आलं नाही, खरं उत्तर आलं. तिने ते मोठ्याने वाचलं. तिच्या फोनखेरीज आणखी कितीतरी फोनांवरून मला उघडलं गेलं होतं. दुपारच्या वेळा. वेगवेगळ्या गावांतून. आणि प्रत्येकाने अगदी बरोबर पासवर्ड टाकला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही खरं बोलत होतात."

"खोटं बोलणं तुझ्या आईपुढे कधी जमलं नाही मला. आता या वयात काय जमणार?"

"पण त्यांना पासवर्ड कळला कसा? तो तर घरातलाच होता."

आजोबांनी मला भिंतीवरून काढलं. उलटसुलट करून बघितलं. माझ्या पोटावरच्या मोत्यासारख्या अक्षरावर त्यांचा अंगठा थांबला. लेकीचंही तिकडे लक्ष गेलं. तिने फोनवर तो जुना फोटो शोधला आणि बोटांनी मोठा केला. हसणारे आजोबा, त्यांच्या हातात उलटा मी. माझ्या पोटावर माझा क्रमांक आणि शेजारी पासवर्ड. लहान पोरालाही वाचता येईल इतका स्वच्छ. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या आम्ही सजवून दिल्या होत्या आणि वर लोकांकडून शाबासकीही घेतली होती.

"माझंच अक्षर," आजोबा म्हणाले.

"माझाच फोटो," लेक म्हणाली.

"आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?"

यावर दोघं हसली. पण लेकीचं हसणं फार टिकलं नाही. "दवाखान्यात मी रोज लोकांचे फोटो काढते, बाबा. काढण्याआधी विचारते, 'तयार आहात ना? काढू ना?' तो फोटो मग त्यांच्या डॉक्टरांशिवाय कुणाला बघू देत नाही. आणि तुमच्या घरात चोवीस तास डोळा लावून ठेवला, तेव्हा तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. तुम्ही सांगत होतात, तर तुम्हालाच आजारी ठरवलं. चुकलं माझं." ती रडली. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

ती टवाळखोर मंडळी सापडली का, हे तुम्ही विचारणार. तक्रार नोंदवली आहे, तपास चालू आहे, एवढंच मला ठाऊक. त्यातल्या एकाच्या घरी म्हणे नोटीस पोचली. जुना फोटो लेकीने त्याच दिवशी काढून टाकला. जे लोक त्याला छान छान म्हणाले होते, त्यांना तिने लिहिलं, 'तुमच्याही फोटोंत काय काय दिसतंय, जरा मोठं करून बघा.' पुष्कळांनी बघितलं. कुणाच्या फोटोत घराचा पत्ता निघाला, कुणाच्या मागे भिंतीवर बँकेचा कागद. एका बाईंनी तर घराच्या किल्लीचाच फोटो हौसेने टाकला होता.

आजोबांनी माझ्या पोटावरची अक्षरं कानशीने घासून काढली. मला गुदगुल्या झाल्या. आजीचं नाव पुसताना त्यांचा हात जड झाला होता, हेही मला जाणवलं. लेक म्हणाली, "नवा पासवर्ड कुठे लिहून ठेवणार, बाबा?"

"डोक्यात. डॉक्टरांनी सांगितलंय, डोकं शाबूत आहे."

घर बंद करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. मीही अडगळीत जाईन असं मला वाटलं होतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण आजोबाच म्हणाले, "त्याला काढू नकोस. तुझा जीव शांत राहतो ना त्याने? राहू दे. पण माझ्या घरात माझ्या अटीने राहील." त्यांनी टॅक्सीवाल्यांना बोलावून मला दुसऱ्या भिंतीवर लावलं. इथून गॅस दिसतो, न्हाणीघराचं दार दिसतं. वेताची खुर्ची दिसते ती फक्त पाठमोरी. माझ्या वायरीला त्यांच्या हाताशी येईल असं बटण बसवलं. बटण बंद केलं की मी गाढ झोपतो, बघणं नाही की ऐकणं नाही. वरून ते आजीने विणलेली लोकरी टोपी माझ्या डोक्यावर घालतात. "बटण यंत्रासाठी," ते म्हणतात, "टोपी माझ्या समाधानासाठी."

आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे दार वाजवून यायचं. लेकीला बघावंसं वाटलं की आधी फोन करायचा आणि विचारायचं. त्यांनी हो म्हटलं तरच मला उघडायचं. फोन उचललाच नाही, तर टॅक्सीवाले येऊन दार ठोठावतात, असंही ठरलंय. मला तर वाटतं, मित्रांनो, साऱ्या जगात एवढं झालं तरी पुरे. तुम्ही शेजाऱ्यांच्या घरी शिरताना दारावर टकटक करता ना? मग दुसऱ्याचा फोन उघडताना, दुसऱ्याचा फोटो चार लोकांत टाकताना, लहानग्या भावंडाची गंमत जगाला दाखवताना तीच टकटक विसरू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस घाबरून काही सांगत असेल, तर त्याच्या आधी यंत्राला तपासा. यंत्रं चुकतात. मला विचारा ना.

हा बघा, फोन वाजला. लेकच असणार, मोठ्या आवाजावर ऐका.

"बाबा, येऊ का आत?"

आजोबा खुर्चीशेजारी स्टूल सरकवत होते. ते थबकले. माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"आत्ता नको गं. जरा तुझ्या आईशी बोलतोय."

पूर्वी ती घाबरली असती. आज ती एवढंच म्हणाली, "बरं. तिला सांगा, मी विचारलंय म्हणून."

चला मित्रांनो, टोपी आली. बटणावर आजोबांचं बोट आहे. "अगं, ऐकलंस का..." एवढं माझ्या कानावर पडलं. पुढचं मला ठाऊक नाही.